पाच गावची कॅसेट आणि उभे शाहीर

आसगावच्या शाहिरांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. दाढीसुद्धा ते उभ्याने करून घ्यायचे. गावातला सलूनवाला ठेंगणा होता. शाहीर आले की तो खुर्चीच्या पायटणीवर चढायचा आणि खुर्ची रिकामीच राहायची. लग्नाच्या पंगतीत ते पत्रावळ हातात घेऊन मांडवाच्या खांबाला पाठ टेकवायचे आणि तिथूनच वाढप्याला आवाज द्यायचे. पुढे आमच्या भागातल्या लग्नांमध्ये उभ्याने जेवायची पद्धत आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. "पाह्य," मला म्हणाले, "लोकं हळूहळू शहाणे होऊन राहिले."

एसटीतही तेच. एकदा पवनीहून लाखांदूरला जाणारी गाडी जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "शाहीर, आज तं बसा. सारी गाडी खाली आहे."

"खाली आहे म्हून तं उभा आहो," शाहीर म्हणाले. "भरली असती तं सारेच उभे असते. त्यात माही काय शान?"

कारण विचारलं की दरवेळी वेगळं सांगायचे. कधी म्हणायचे, बसलं की आवाजही बसते. कधी म्हणायचे, सासऱ्याशी पैज लागली होती, सासरा गेला पण पैज सोडवायची राहिली. पण जे कारण ते गंभीरपणे सांगायचे ते असं: "मी खडी गंमत करतो. खडी म्हंजे उभी. बसून राहिलो तं लोकं म्हणतीन, शाहीर पोटापुरता उभा राहते अन् मंग बसते." झोपता कसे, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "आडवं होणं वेगळं. त्यात इमानदारी आहे. बसणं म्हंजे धड उभं नाई, धड आडवं नाई."

त्यांची माझी गाठ आयुष्यात किती थोडी पडली, हे आता मोजायला गेलो तर लाज वाटते. तरी लिहायला मीच बसलो आहे, कारण त्यांच्याबद्दल आमच्या जिल्ह्यात एक गोष्ट खोटी सांगितली जाते. ती अशी की, पाच गावच्या कॅसेटवर तुऱ्याचा मान शाहिरांनी स्वतः घालवला, आणि त्यांच्या विक्षिप्तपणामुळेच ती पार्टी फुटली. दुसरी कॅसेट त्यामुळेच निघाली नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी त्या कॅसेटवर गायलो आहे.

ज्यांनी खडी गंमत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डफ, ढोलकी, तुणतुणं, बाईचा वेश घेतलेला नाच्या आणि दोन पार्ट्यांचे उभ्या उभ्या चालणारे सवाल-जवाब, असा हा खेळ. पार्ट्या दोन घराण्यांच्या. तुरेवाले शिवाला थोर म्हणतात, कलगीवाले शक्तीला. डफाला बांधलेल्या झुबक्यावरून कोण कुठला ते कळतं. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या डफावर गात नाही. आणि गाणं कुठलंही असो, शेवटच्या कडव्यात आपल्या गुरूचं नाव घ्यायचं, ही छाप. छाप नसलेलं गाणं म्हणजे कुंकू न लावता बाहेर पडलेली नवरी, असं माझे गुरू म्हणायचे. मी शहापूरचा, कलगीचा. शाहीर तुऱ्याचे.

आमची पहिली भेट मंडईत झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. म्हणायला बाजार, पण खरं तर पाहुण्यांचा आणि खेळांचा दिवस. दुपारपासून गल्लीगल्लीत डफ वाजत असतात. मी तेव्हा तिशीतला होतो, पुराणं पाठ केलेली होती आणि आवाजाची घमेंड होती. समोर हा उंच, हडकुळा माणूस तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाळावर डफ शेकत उभा. लाकडाच्या जाळावर डफ ते कधी धरत नसत. "लाकडानं तो रागावते, तणसानं हसते," म्हणायचे. डफ शेकून झाला की त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे आणि मग कान लावून उत्तर ऐकायचे.

मला वाटलं, आता ब्रह्मांड, पंचमहाभूतं असं काहीतरी विचारतील. त्यांनी विचारलं, "तू शक्तीले थोर म्हणतं ना शहापूर? मंग सांग, घरची शक्ती भात रांधते, तवा आधी वरचा शिजते का खालचा?"

मी आयुष्यात चुलीजवळ गेलो नव्हतो. बायका हसायला लागल्या. एक म्हातारी ओरडली, "अवो, बायकोले विचारून ये!" शाहिरांनी डफावर थाप दिली आणि उत्तर स्वतःच गायले: खालचा आधी शिजतो, खालचाच करपतो, आणि ज्या शक्तीला तू थोर म्हणतो तिच्या वाट्याला शेवटी खरवड येते. बायकांनी एवढा गलका केला की माझं पुढचं कडवं कोणालाच ऐकू गेलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोच्या ताटात डोकावून पाहिलं. खरवडच होती.

शहापूर हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. बायकोला तिच्या माहेरावरून 'कोंढा' म्हणत. मुलगी भंडाऱ्याच्या दवाखान्यात जन्मली, म्हणून ती 'भंडारा'. "भंडारा, पाणी आण," म्हटलं की नवखा माणूस दचकायचा. मी एकदा विचारलं, "शाहीर, एकाच गावचे दोघं आले तं?"

"तं दोघंही वळून पायतीन. काय बिघडलं?"

कॅसेटची कल्पना नागपूरच्या एका कॅसेटवाल्या शेठची. त्याला एक पार्टी हवी होती. शाहीर म्हणाले, "पार्टी नाई भेटणार. पाच गावं भेटतीन." आणि त्यांनी जिल्ह्यातून एकेक माणूस उचलला. ढोलकीला लाखांदूर, तो मान खाली घालून वाजवायला लागला की घराला आग लागली तरी वर पाहायचा नाही. नाचायला आणि बाईच्या आवाजात गायला साकोली, मिशा काढायला दर खेपेला रडणारा. तुणतुण्याला मोहाडी, जो बोलायचा कमी आणि खायचा जास्त. गायला मी. डफावर ते स्वतः. प्रत्येक जण आपापल्या पार्टीचा पहिला माणूस होता. तीन तुऱ्याचे, दोन कलगीचे. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं, आणि त्यानंतर आजपर्यंत झालेलं नाही.

दोन्ही आखाडे खवळले. आखाडा म्हणजे घराण्याची जाणती मंडळी. त्यांच्या परवानगीशिवाय डफाला झुबका बांधता येत नाही. शाहिरांनी तोड काढली. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी डफाचा तुरा सोडून खिशात ठेवायचा, मी माझी कलगी सोडायची. आणि शेवटच्या गाण्यात कोणाच्याच गुरूची छाप नाही. तिथे शाहिरांनी हे कडवं बांधलं:

पाच गावची माती म्हणे, हात जोडतो सभेला,
चुकलं माकलं पोटात घ्या, रामराम सगळ्याला.

आखाड्यांनी हे मान्य केलं. तुरेवाल्यांच्या मोठ्यांनी शाहिरांना एवढंच बजावलं, "कलगीचं नाव निघालं तं तुह्या तुऱ्याची खैर नाई." शाहीर म्हणाले, "मी उभा आहो ना तिथं."

आसगावात त्यांच्या अंगणात आमची तालीम चालायची. चार माणसं घोंगडीवर बसलेली आणि पाचवा आमच्यामध्ये विजेच्या खांबासारखा उभा. कोंढावहिनी चहा आणायच्या, तो ते उभ्याने घ्यायचे आणि आम्हाला म्हणायचे, "बसा, बसा. तुमचं वय झालं." ते आमच्यातले सगळ्यात मोठे होते. माझं कडवं शंभरदा घोकून घेतलं. मी प्रत्येक वेळी बरोबर म्हणालो.

नागपूरच्या स्टुडिओत भिंतींना गाद्या लावलेल्या होत्या. साकोली म्हणाला, "इथं तं उभ्यानंही झोपता येते." काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला शाहिरांना म्हणाला, "काका, बसून घ्या, माइक खाली आहे." मग जे झालं ते तुम्ही ओळखलं असेल. शेवटी माइक एका टेबलावर चढवला, टेबलाखाली विटा आल्या, आणि मोहाडीला त्या टेबलाचा पाय धरून तुणतुणं वाजवावं लागलं.

आमची गाणी मंडईतल्या मापाची, कॅसेटची बाजू लहान. रेकॉर्डिंगवाला काचेतून हात हलवून 'आटपा' म्हणायचा. शाहिरांना वाटायचं, खूश होऊन हात दाखवतो आहे. तेही हात वर करून आणखी एक कडवं चढवायचे. त्यामुळे पहिली बाजू बरोबर साकोलीच्या सवालावर संपली: पाण्यात रुजला, पाण्यात वाढला, पाण्यावाचून पिकला, पुन्हा पाण्यात शिजला, सांग गड्या तो कोण? माझा जवाब पलीकडच्या बाजूला गेला. शेठने कपाळाला हात लावला. पण पुढे त्याच गोष्टीने कॅसेट गाजली. चहाच्या टपरीवर कॅसेट उलटी करायच्या तेवढ्या वेळात भांडणं व्हायची. अर्धे म्हणायचे शिंगाडा, अर्धे म्हणायचे धान. शंभरदा ऐकलेली माणसंही पुन्हा शिंगाड्यावर अडून बसायची. टपरीवाला कॅसेट हातात धरून उगाच उशीर करायचा.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

शेवटचं गाणं फार सुरेख लागलं. मी तसा त्याआधी गायलो नव्हतो, नंतरही नाही. शाहिरांचा डफ माझ्या पाठीमागून ढकलत होता आणि डोळे आपोआप मिटले होते. शेवटचं कडवं आलं, आणि माझ्या तोंडून निघालं:

गुरू दयाराम म्हणे, हात जोडतो सभेला...

दयाराम हे माझ्या गुरूचं नाव. कलगीचं. मी ठरवून घेतलं नाही. जन्मभर प्रत्येक गाणं त्याच नावावर उतरवलेलं. आवाज त्या उंचीवर पोचला आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने घरी गेली. डफाची एक थाप जास्त पडली. बस्स, एवढंच. ती जास्तीची थाप आजही त्या कॅसेटवर ऐकू येते. मी डोळे उघडले, गाणं संपलं.

काचेपलीकडून आवाज आला, "सगळं बरोबर आहे? की पुन्हा घेऊ?"

लाखांदूरने मान वर केलीच नव्हती. साकोली तुटलेली बांगडी शोधत होता, मोहाडी टेबल धरून हाशहुश करत होता. शाहीर माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. दारात आलेला पाहुणा आत यायची वाट पाहावी तसे.

मी म्हणालो, "बरोबर आहे."

जीभ घसरली ती सवयीने. पण हे दोन शब्द सवयीचे नव्हते. मला ते गाणं तसंच्या तसं हवं होतं, आणि गुरूचं नाव त्या फितीवर गेलं होतं, ते पुसावंसं वाटलं नाही. परतताना मी एसटीत खिडकीशी बसलो. शाहीर माझ्या सीटचा दांडा धरून शेजारी उभे. शहापूर आल्यावर म्हणाले, "उतर, शहापूर. तुहं गाव आलं." मी उतरलो.

कॅसेट बाजारात आली आणि तुरेवाल्यांच्या आखाड्यात शाहिरांना बोलावणं गेलं. तिथला प्रसंग मला पुष्कळांनी सांगितला आहे, सगळे सारखाच सांगतात. मोठ्यांनी विचारलं, "कलगीच्या गुरूचं नाव कसं आलं?" शाहीर उभेच होते. म्हणाले, "मीच म्हटलं त्याले, घे म्हून. त्याच्या गुरूचं नाव चालीत बसत होतं." आखाड्याने त्यांच्या डफाचा तुरा काढून घेतला. लाखांदूर आणि साकोलीला त्यांच्यासोबत वाजवायची मनाई झाली. पार्टी तिथेच संपली. इकडे शहापुरात कलगीवाल्यांनी मला खुर्चीवर बसवून हार घातला. तुऱ्याच्या डफावर कलगीचं नाव वाजवून आलेला मर्द म्हणून. मी हार घालून घेतला. खुर्ची चांगली होती.

यानंतर शाहीर खचून गेले असं मात्र कोणी समजू नये. तुरा गेल्यावर त्यांना मंडईत उभं राहता येईना, तर ते पोळ्याला बैलांपुढे डफ वाजवू लागले. "बैल कलगीवाला का तुरेवाला, कोणं विचारते?" म्हणायचे. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावर उभे राहून बायकांना ताल द्यायचे. बायकाही म्हणायच्या, शाहीर असले की कंबर दुखत नाही. सगळं शेत वाकलेलं आणि हा एकटा ताठ.

मी त्यांना एकदा लाखांदूरच्या बाजारात गाठलं. सुकी मासोळी घेत होते. विकणारी म्हणत होती, "बसून निवडा ना बाबा," आणि ते वरूनच बोट दाखवत होते, "ते नाई, तिच्या बाजूची." मी जवळ गेलो. धीर करून म्हणालो, "शाहीर, त्या दिवशी माह्याकडून... तुम्ही कायले आपल्यावर घेतलं?"

ते मोठ्याने हसले. मासोळीवाली दचकली.

"अबे, येडा झाला का? कलगीच्या पोट्ट्यानं माह्यासमोर, माह्या डफावर, माह्या कडव्यात आपला गुरू घुसवला, हे मी आखाड्याले सांगू? नाक कापलं जाईन माहं. त्यापेक्षा मी दिलं म्हटलेलं काय वाईट?"

मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो. म्हणजे हा त्यांचाच मान सांभाळायचा डाव होता, माझा त्यात काय दोष! मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "शहापूर! कडवं चुकलं तं चुकलं. पुन्हा म्हणता येते."

मी मान हलवली आणि बस पकडली. ते मला काय सांगत होते हे कळायला म्हातारपण यावं लागलं. काचेपलीकडच्या माणसाने विचारलं तेव्हा त्यांनी माझी वाट पाहिली होती. बाजारातही तेच करत होते. या माणसाला उभं राहून वाट पाहायची सवयच होती.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी मौतीला गेलो नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं.

यंदाच्या मंडईला भंडाराचा फोन आला. भंडारा म्हणजे त्यांची मुलगी. लग्न गावातल्या गावातच झालं, धानाची शेती ती स्वतः पाहते आणि बोलायला बापासारखी. म्हणाली, "काका, मंडईले या. आमच्या पोरानं तुमची कॅसेट मोबाइलवर चढवली. सारे ऐकून राहिले."

"गुडघे दुखतात माय," मी म्हणालो.

"गाडी पाठवून देऊ. गुडघे गाडीत ठेवा."

आसगावच्या मंडईत खेळ सुरू व्हायच्या आधी तुरेवाले डफांची पूजा करतात. मोठी चादर अंथरून त्यावर आखाड्यातल्या सगळ्या डफांची रांग लावतात. हयात शाहिरांचे डफ, गेलेल्यांचेही. प्रत्येकाला तुरा, प्रत्येकावर हळद-कुंकू. गेलेल्या शाहिराचा डफ त्या रांगेत असला की तो मंडईला आला असं मानतात. भंडारा दरवर्षी बापाचा डफ घेऊन यायची आणि रांगेच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. तुरा नसलेला डफ रांगेत चालत नाही. यंदाही ती तशीच उभी होती. मला मात्र चादरीजवळ खुर्ची दिलेली. कुठल्याशा स्पीकरवर आमची कॅसेट चालू होती.

मी तिला विचारलं, "दरवर्षी कायले येतं, पोरी?"

"बाबा म्हणे, आपण दारात उभं राहायचं. बलावणं त्यांच्याकडून आलं पायजे."

तेवढ्यात स्पीकरवर शेवटचं गाणं लागलं. माझाच तरुण आवाज. दयारामाचं नाव आलं आणि चादरीजवळच्या मंडळींतला एक जण मान हलवून म्हणाला, "इथंच बुडवला तुरा शाहिरानं."

मी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठलो. उठायला वेळ लागला, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आपोआप माझ्याकडे गेलं. आखाड्याचे मोठे म्हणजे आता माझ्याच वयाचे एक गृहस्थ, बहिरे पण मानायला तयार नाहीत. ते म्हणाले, "बसा बसा, शहापूरवाले."

"नाही," मी म्हणालो. "मले उभ्यानं सांगायचं आहे."

आणि सांगितलं. डोळे मिटले ते, नाव निघालं ते, आणि काचेमागच्या माणसाने विचारल्यावर मी काय म्हणालो तेही. शाहिरांनी मला काही घ्यायला सांगितलं नव्हतं. ते फक्त माझ्याकडे पाहत होते.

मोठ्यांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग तुम्ही इतके वर्ष काय करत होते?"

"बसलो होतो," मी म्हणालो.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मोठे हसले नाहीत. "नाव आपोआप निघालं म्हणता. हे आम्ही कसं मानावं? जाणून घेतलं नसन कशावरून?" लोक आपसात बोलू लागले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, मेलेल्याची बाजू घेऊन राहिला. माझ्याजवळ पुरावा काहीच नव्हता.

लिंबाखालून डफावर थाप पडली. भंडारा बापाचा डफ घेऊन पुढे आली होती. "काका," ती म्हणाली, "ते कडवं पुन्हा म्हणा. ठरलं होतं तसं." आणि तिने ताल धरला. बापाचाच ताल होता, पाठीमागून ढकलणारा.

माझा आवाज आता कसला! पण गाणं ओळखीचं होतं. आधीचं कडवं म्हटलं, दम लागला. डोळे मिटले गेले. मी शेवटावर आलो, आणि भर मंडईत, तुरेवाल्यांच्या चादरीपुढे, माझ्या तोंडून निघालं:

गुरू दयाराम म्हणे...

मग सगळी मंडई फुटली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, एक म्हातारा माझ्या खुर्चीवर कोसळून हसत होता. मोठ्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणे? काय म्हणे?" शेजाऱ्याने कानात ओरडून सांगितलं, तसे तेही हलायला लागले. "अरे राजेहो," ते डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस खोटं नाई बोलून राहिला!"

भंडारा हसत नव्हती. डफ छातीशी धरून ती माझ्याकडे पाहत होती. मला ते पाहणं ओळखीचं होतं.

"बरोबर आहे, काका?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं. पुन्हा म्हणतो."

या खेपेला डोळे उघडे ठेवले. तिच्याकडे पाहत, एकेक शब्द पाय टाकल्यासारखा टाकत म्हणालो: पाच गावची माती म्हणे, हात जोडतो सभेला. पुढची ओळ मला एकट्याला म्हणावी लागली नाही. ती सगळ्यांना पाठ होती.

मोठ्यांनी आपल्या डफाचा तुरा सोडला आणि शाहिरांच्या डफाला बांधला. गाठ बसेना, भंडाराने मदत केली. मग दोन पोरं डफ रांगेत ठेवायला पुढे झाली. चादरीवरचे बाकी डफ आडवे मांडलेले होते. त्यांनी हाही आडवा धरला.

"असा नाई," भंडारा म्हणाली. "बाबाले उभं ठेवा."

मांडवाचा खांब जवळच होता. डफ त्याला टेकवून उभा केला. सगळी रांग आडवी आणि तो एकटा ताठ.

खेळ सुरू झाला. एका पोराने माझी खुर्ची पुन्हा माझ्यामागे आणून ठेवली. मी ती त्या हसून दमलेल्या म्हाताऱ्याकडे सरकवली आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला पाठ टेकवून शेवटपर्यंत उभा राहिलो. गुडघे काय म्हणत होते ते त्यांच्या-माझ्यातलं आहे.